‘मोकळी जमीन’ म्हणजे नेमकी कोणती? गिरणगावातल्या टॉवरांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? मग सुरू करूया.

गेल्या काही भागांनंतर तुमचे जे मेसेज आले, त्यांत एक तक्रार सारखी दिसत होती. शब्द वेगवेगळे, पण मुद्दा एकच. ‘आमच्या गल्लीत टॉवर येतोय. पाणी आत्ताच पुरत नाही. रस्ता एवढासा. जुन्या भाडेकरूंचं काय होणार कुणाला माहीत नाही. आम्ही नेमकं कुणाला विचारायचं?’ कुणी पुण्याच्या पेठेतून लिहिलंय, कुणी ठाण्यातून, कुणी दादरमधून.

म्हणून आज इतिहास सांगते, पण फार जुना नाही. तुमच्या आईवडिलांच्या डोळ्यांसमोर घडलेला. मुंबईच्या ऐन मध्यावर, गिरणगावात, कापडगिरण्यांच्या जमिनीवर टॉवर कसे उभे राहिले त्याची ही गोष्ट. यात संप आहे, कोर्ट आहे, लिलाव आहे. पण सगळ्यात महत्त्वाचे आहेत दोन शब्द: ‘मोकळी जमीन’. या दोन शब्दांचा अर्थ काय लावायचा, यावर शहराच्या मधोमध कोण राहणार आणि कोण नाही, हे बऱ्याच अंशी ठरलं. तुमच्या गल्लीतल्या टॉवरशी याचा संबंध काय, तेही शेवटी सांगते.

आधी कापड, मग जमीन

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर या पारशी व्यापाऱ्याने मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली. गिरणी ताडदेवला उभी राहिली आणि १८५६ मध्ये सुरू झाली. मग एकामागून एक गिरण्या आल्या. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, लोअर परळ, प्रभादेवी, वरळी. या सगळ्या पट्ट्याला लोक गिरणगाव म्हणायला लागले.

गिरणीला लागतात माणसं. ती आली कोकणातून, घाटावरून, पुढे उत्तरेतूनही. माणसांना लागते राहायला जागा, म्हणून चाळी आल्या. एकट्या आलेल्या पुरुषांना लागतं जेवण, म्हणून खानावळी आल्या, आणि त्या बऱ्याचशा कामगारांच्या घरातल्या बायकांनीच चालवल्या. गिरणीचा भोंगा वाजला की पाळी बदलायची आणि सगळ्या वस्तीचं घड्याळ त्यावर चालायचं. कामाची जागा, घर, बाजार, गणपती, भजनी मंडळ, व्यायामशाळा, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. आज आपण ज्याला ‘वॉक टू वर्क’ म्हणून जाहिरातीत बघतो, ते इथे शंभर वर्षं चालू होतं. फक्त खोली दहा बाय बाराची होती.

आता मुद्द्याची गोष्ट. गिरणीला कारखान्याची शेड लागते, गोदाम लागतं, तलाव लागतो, कापूस आणि कापड ठेवायला आवार लागतं. त्यामुळे एकेका गिरणीच्या ताब्यात भरपूर जमीन होती. मुंबई बेटावर अशा ५८ गिरण्या होत्या आणि त्यांची मिळून जमीन सुमारे ६०० एकर. आकडा डोळ्यांसमोर येत नाही ना? दादरचं शिवाजी पार्क साधारण २८ एकरांचं. म्हणजे एकवीसेक शिवाजी पार्क, आणि तीही कुठे तर मुंबईच्या पोटात, रेल्वेच्या दोन मार्गांच्या आजूबाजूला. काही जमीन मालकीची, काही भाडेपट्ट्याने मिळालेली. पण नकाशावर ती सगळी उद्योगासाठी राखलेली होती. तिथे कापड काढायचं, इमारती विकायच्या नाहीत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार कामावरून उतरले. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, असं गिरणगावात अजूनही सांगतात. तो विरत गेला. कुणी कामावर परत गेलं, कुणाला घेतलंच नाही, कुणी गावी गेलं. संपाआधीही गिरण्या अडचणीत होत्याच. यंत्रं जुनी झाली होती, यंत्रमागाचं कापड स्वस्त पडत होतं. संपानंतर बऱ्याच गिरण्या रडतखडत चालल्या आणि बंद पडत गेल्या.

एक साधा हिशेब तेव्हा मालकांच्याही लक्षात आला आणि सरकारच्याही. गिरणी चालवून जेवढे पैसे सुटतील, त्याच्या कितीतरी पट पैसे तिच्याखालच्या जमिनीचे येतील.

१९९१: तिघांत वाटणी

बंद गिरणीच्या जमिनीचं करायचं काय, याचं सरकारी उत्तर १९९१ मध्ये आलं. मुंबईची विकास नियंत्रण नियमावली त्या वर्षी लागू झाली. तिला सगळे डीसीआर म्हणतात. त्यातला ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांसाठी होता. लक्षात ठेवा, अठ्ठावन्न. गिरण्याही अठ्ठावन्न आणि नियमही अठ्ठावन्न, हा निव्वळ योगायोग.

नियमाची कल्पना समजायला सोपी होती. मालकाला गिरणीची जमीन दुसऱ्या कामासाठी विकसित करायची असेल, तर ती ढोबळमानाने तीन हिस्स्यांत वाटायची. एक हिस्सा महापालिकेला, बागा, मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी. एक हिस्सा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला हिस्सा मालकाला, तिथे त्याने घरं बांधावीत, ऑफिसं बांधावीत, विकावीत. नेमकी टक्केवारी जमिनीच्या आकारावर अवलंबून होती, पण साधारण एक तृतीयांश धरून चला.

यामागे एक समजूत होती. ही जमीन शहराने उद्योगासाठी राखली होती, रोजगारासाठी. आता उद्योग नाही, तर जमिनीचा वापर बदलून मिळणारा फायदा एकट्या मालकाचा नाही. त्यात शहराचा वाटा आहे.

मग झालं काय? नव्वदच्या दशकात या नियमाखाली फार थोडे मालक पुढे आले. दोन तृतीयांश जमीन सोडायची कुणाला नको होती. त्यापेक्षा जुनी शेड तशीच ठेवून आत ऑफिस, दुकानं, करमणुकीची ठिकाणं सुरू करण्याच्या वाटा शोधल्या गेल्या. बाहेरून गिरणी, आतून भलतंच काही.

१९९६ मध्ये राज्य सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. हे तेच कोरिया, ज्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत साठच्या दशकात नवी मुंबईची कल्पना मांडली होती. समितीने मुख्यतः राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या, २५ गिरण्यांचा विचार केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रत्येक गिरणीचा तुकडा सुटा सुटा बघू नका. सगळ्यांचा मिळून एक आराखडा करा. मग बागा सलग होतील, रस्ते जोडले जातील, घरं आणि कामाच्या जागा शेजारी राहतील.

जरा विचार करा. एवढी जमीन एकाच वेळी मोकळी होण्याची संधी जुन्या, भरलेल्या शहराला क्वचित मिळते. आराखडा कागदावर आला, आणि कागदावरच राहिला.

२००१: दोन शब्द बदलले

आता आजच्या गोष्टीचा गाभा. मोबाईल जरा बाजूला... नको, मोबाईलवरच ऐकताय. पण लक्ष द्या.

२००१ मध्ये नियम ५८ मध्ये बदल झाला. तीन हिस्स्यांची वाटणी कायम राहिली. कुणी वरवर वाचलं असतं तर म्हणालं असतं, ठीक आहे की, तिघांत वाटणी आहेच. पण वाटणी कशाची करायची, ते बदललं. आधी हिशेबात गिरणीची जमीन होती. आता फक्त ‘मोकळी जमीन’ आणि शिल्लक चटईक्षेत्र, म्हणजे शिल्लक एफएसआय.

एफएसआय म्हणजे काय ते आधी सांगते. एखाद्या प्लॉटवर सगळे मजले मिळून किती बांधकाम करता येईल, त्याचं प्रमाण. मुंबई बेटावर मूळ प्रमाण १.३३ होतं. हजार चौरस फुटांचा प्लॉट असेल तर सगळे मजले मिळून १३३० चौरस फूट.

आता उदाहरण घेऊया. हे माझं काल्पनिक उदाहरण आहे, कुठल्या खऱ्या गिरणीचं नाही. समजा एक गिरणी आहे १५ एकरांची. त्यात १२ एकरांवर शेड, गोदामं आणि इतर बांधकाम. ३ एकर मोकळं आवार.

जुन्या पद्धतीने सगळ्या १५ एकरांची वाटणी. पालिकेला ५, म्हाडाला ५, मालकाला ५.

नव्या पद्धतीने वाटणी फक्त ३ मोकळ्या एकरांची. पालिकेला १, म्हाडाला १, मालकाला १. आणि बांधकामाखालचे १२ एकर? तेही मालकाकडेच. म्हणजे मालकाला १३, शहराला २.

तुम्ही म्हणाल, पण शेड पाडल्यावर ती जमीनही मोकळीच झाली ना? बरोबर! नेमका हाच प्रश्न पुढे कोर्टात गेला. शेड पाडून जी जमीन रिकामी होते ती ‘मोकळी’ धरायची, की शेड उभी असतानाच जी रिकामी होती तेवढीच ‘मोकळी’ धरायची? सरकारचा अर्थ दुसरा होता. कारखान्याची शेड ही बैठी आणि पसरट असते, त्यामुळे गिरणीच्या आवारातली बरीचशी जमीन शेडखाली असते. म्हणजे सरकारी अर्थाने मोकळी जमीन थोडीच उरते.

मी हा बदल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटलं ते त्याच्या शांतपणाचं. मोर्चा निघावा असं त्यात दिसायला काहीच नव्हतं. नियमावलीतल्या एका कलमातलं एक पोटकलम. कामगार थकीत देण्यांसाठी झगडत होते. शेजारच्या चाळीतल्या माणसाला याचा पत्ताही लागण्याचं कारण नव्हतं. त्याला तो लागला काही वर्षांनी, पत्र्याचं कुंपण पडलं आणि चिमणी खाली आली तेव्हा.

दुसरी बाजूही ऐका

इथे थांबून समोरच्यांचं म्हणणं सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धवट राहील.

सरकारचं आणि गिरण्यांचं म्हणणं होतं की १९९१ च्या नियमाने जमीन बाहेर आलीच नाही. दहा वर्षं गेली, बागा झाल्या नाहीत, घरं झाली नाहीत. गिरण्यांवर बँकांची कर्जं होती. कामगारांची देणी थकली होती. एनटीसी आजारी होती, तिच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली होती आणि त्यासाठी पैसा जमीन विकूनच येणार होता. मालकाला थोडं जास्त मिळू दिलं तर जमीन बाजारात येईल, पैसा येईल, देणी फिटतील.

यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. वर्षानुवर्षं पगाराची वाट बघणाऱ्या कामगाराला ‘तुझ्या देण्यापेक्षा बाग महत्त्वाची’ असं सांगणं सोपं नाही. जमीन विकून देणी मिळावीत, असं त्याला वाटलं तर त्यात गैर काय? शहराच्या मधल्या जागेचे वाद अनेकदा असेच असतात. गरजू माणसाची आजची गरज आणि सगळ्यांची उद्याची गरज यांची समोरासमोर गाठ घातली जाते. आणि या भांडणात ज्याला सगळ्यात मोठा वाटा मिळतो, तो बाजूलाच राहतो.

२००५-०६: लिलाव आणि कोर्ट

२००५ मध्ये एनटीसीने मुंबईतल्या काही गिरण्या विकायला काढल्या. लोअर परळची मुंबई टेक्स्टाईल मिल ७०२ कोटींना गेली. दादरची कोहिनूर क्रमांक ३ गेली ४२१ कोटींना. पेपरात मथळे आले आणि तेव्हा कुठे अनेक मुंबईकरांच्या लक्षात आलं की गिरणगावात चाललंय काय.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये निकाल आला. न्यायालयाने संस्थेचा मुद्दा मान्य केला: शेड पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरली पाहिजे. चालू बांधकामांच्या पायाखालची जमीनच हलली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ७ मार्च २००६ ला निकाल लागला आणि उच्च न्यायालयाचा निर्णय फिरला. सरकारचा अर्थ मान्य झाला. एनटीसीचे व्यवहार टिकले. न्यायालयाने कामगारांची देणी, बँकांचं कर्ज, गिरण्यांचं पुनर्वसन आणि पर्यावरण यांचा तोल साधायचा असल्याचं म्हटलं.

झालं. त्या दिवसानंतर वाद कायद्याच्या दृष्टीने संपला. आज लोअर परळला तुम्ही ज्या काचेच्या इमारती बघता, त्यांतल्या अनेकांचा पाया त्या व्याख्येवर उभा आहे.

कामगारांच्या घरांचं काय झालं?

नियमात एक जमेची बाजू होती. म्हाडाच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी घरं बांधायची तरतूद होती. ही तरतूद आकाशातून पडली नाही. त्यामागे अनेक वर्षांची आंदोलनं होती. दत्ता इस्वलकर हे त्यातलं महत्त्वाचं नाव. ते स्वतः मॉडर्न मिलचे कामगार. १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी राहिली, तिचे ते नेते. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांची मागणी एका वाक्यात सांगायची तर: गिरणी गेली, निदान गिरणीच्या जमिनीवर घर तरी द्या.

२०१२ च्या जून महिन्यात पहिली मोठी सोडत निघाली. घरं होती ६,९२५. २०२० च्या १ मार्चला निघालेल्या सोडतीत ३,८९४ घरं होती. मध्ये आणखी काही सोडती झाल्या. आणि अर्ज करणारे कामगार व त्यांचे वारस किती? पावणेदोन लाखांच्या आसपास.

आता तो मघाचा हिशेब आठवा. १५ एकरांतले ५ की १? पहिल्या वाटणीत सगळ्यांना घर मिळालंच असतं, असा माझा दावा नाही. पण ताटात किती वाढलंय हे आधीच ठरलं होतं, आणि मग पंगतीला बसलेल्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढायची वेळ आली. अलीकडे कामगारांना शेलू, वांगणी इथल्या घरांचे पर्याय दिले गेले. तेव्हा ‘आमच्या घामावर मुंबई उभी राहिली, आम्हाला कर्जतच्या वाटेवर का पाठवता?’ हा सूर उमटला तो उगीच नाही.

काळजी म्हणजे नुसती कुरकुर नसते

टॉवर येणार म्हटलं की शेजारचे लोक गर्दीबद्दल बोलतात. ‘विकासाला विरोध करतात’ म्हणून त्यांना उडवून लावणं सोपं असतं. म्हणून एक तारीख सांगते.

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची सकाळ. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, म्हणजे आताचं प्रभादेवी. पाऊस आला, अरुंद पादचारी पुलावर माणसं अडकली, चेंगराचेंगरी झाली. २३ जणांचा जीव गेला.

हे फक्त टॉवरमुळे घडलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पूल अरुंद होता, रेल्वेची जबाबदारी होती, पावसाचं निमित्त झालं. पण हेही खरं की गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, दररोज उतरणारी माणसं प्रचंड वाढली, आणि स्टेशनं व पूल मात्र गिरणीच्या काळातल्या मापाचेच राहिले. नंतर नवा पूल बांधायला लष्कराला बोलवावं लागलं.

आराखडा एकत्र हवा, तुकड्या-तुकड्याने नको, असं १९९६ मध्ये सांगितलं गेलं होतं ते आठवा. बिल्डरला त्याच्या प्लॉटपुरतं बघावं लागतं. प्लॉटच्या बाहेरचा फुटपाथ, पूल, नाला, पाण्याची लाईन कुणी बघायची? ‘आमच्या रस्त्याचं काय?’ हा शेजाऱ्याचा प्रश्न तिथूनच येतो.

वेगळंही घडू शकतं

आता ‘काही होत नसतं’ असं म्हणून तुम्ही पॉडकास्ट बंद करू नका. दोन उदाहरणं देते.

दादरला चैत्यभूमीजवळ इंदू मिल होती. सुमारे १२ एकर जमीन, समुद्राला लागून. इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक व्हावं ही मागणी जुनी होती. ६ डिसेंबर २०११ ला, महापरिनिर्वाण दिनी, आंदोलक थेट गिरणीच्या आवारात शिरले आणि तिथेच राहिले. वर्षभरात केंद्राने ही जमीन स्मारकाला द्यायचं जाहीर केलं. २०१५ मध्ये भूमिपूजन झालं. विचार करा, समुद्राकाठची एवढी जमीन, शहरात तीच हवा, तेच भाव. तरी ती निवासी टॉवरकडे गेली नाही, कारण लाखो लोकांनी तिच्यावर आपला हक्क सांगितला.

दुसरं उदाहरण फेब्रुवारी २०१५ चं. महापालिकेने मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला. लोकांनी तो उघडून आपापली गल्ली शोधली. कुठे इमारतीवरून रस्ता काढलेला, कुठे मैदान गायब. हजारोंनी हरकती पाठवल्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगितला. दुरुस्त आराखडा २०१८ मध्ये लागू झाला. यात मोर्चांपेक्षा जास्त काम केलं ते नकाशा वाचणाऱ्या माणसांनी.

आणि टॉवर म्हणजे वाईटच, असंही नाही बरं का. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी घ्या. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या २०७ चाळी. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सगळ्यांचे मिळून संडास. तिथे तीन-तीन पिढ्या काढल्यात लोकांनी. म्हाडाच्या पुनर्विकासात त्यांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. त्या घरातल्या आजीला ‘चाळसंस्कृती गेली हो’ म्हणून हळहळ दाखवायला गेलात, तर ती म्हणेल, ‘बाळा, तू राहा मग शंभर जणांच्या रांगेत सकाळी!’ तिचेही प्रश्न आहेत. मेंटेनन्स किती येणार, लिफ्ट बंद पडली तर काय, पोरं खेळणार कुठे. पण ती त्याच जागी राहतेय. माझ्या मते फरक इथे आहे. इमारत किती उंच, हा दुसरा प्रश्न. आधी इथे राहणारा माणूस नंतरही इथे आहे का, हा पहिला.

तुमच्या गल्लीत बोर्ड लागला तर

आता शेवटचा भाग. हवं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. कुठल्या नियमाखाली हे बांधकाम होतंय, ते विचारा. पुनर्विकासाचे नियम वेगवेगळे असतात आणि हक्कही त्याप्रमाणे बदलतात. गिरण्यांचा जुना नियम ५८ आता मुंबईच्या नव्या नियमावलीत ३५ क्रमांकावर आहे.

दोन. सार्वजनिक वाटा किती आणि कुठे, ते विचारा. बाग मिळणार असेल तर ती रस्त्यावरून दिसणारी, सगळ्यांसाठी उघडी की टॉवरच्या पाचव्या मजल्यावर पोडियमवर? घरं मिळणार असतील तर इथेच की तीस किलोमीटर लांब?

तीन. पात्र कोण, ते विचारा. यादीत भाडेकरू आहे का? पोटमाळ्यावर राहणारा आहे का? तळमजल्यावरची खानावळ, इस्त्रीवाला आहे का? यादीत नाव नसलेला माणूस नंतर कुठल्याच कागदावर सापडत नाही.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं. तारखा बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यात किंवा नियमावलीत बदल करायचा असेल, तर सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. कलम ३७ मध्ये त्यासाठी एक महिन्याची मुदत आहे. ही सूचना पेपरात आतल्या पानावर, बारीक अक्षरांत येते. वाचायला कंटाळवाणी असते. पण खरा दरवाजा तोच, आणि तो एक महिनाच उघडा असतो. बाकी कागद माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. नोंदणी झालेल्या प्रकल्पाची माहिती महारेराच्या वेबसाईटवर मोबाईलवरच दिसते.

गिरणगावाकडून मी एवढंच शिकले. आपल्याला वाटतं, टॉवरचा निर्णय जेसीबी येतो त्या दिवशी होतो. प्रत्यक्षात तो कित्येक वर्षं आधी झालेला असतो, एखाद्या शब्दाच्या व्याख्येत. २००१ मध्ये ‘मोकळी जमीन म्हणजे कुठली हो?’ हा प्रश्न वेळेवर, मोठ्याने आणि पुरेशा लोकांनी विचारला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं असं नाही. पण तो प्रश्न लिलाव होण्याआधी लोकांच्या तोंडी आला असता.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या वॉर्डात सध्या कुठल्या बदलावर हरकती मागवल्यात का, ते पालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या वेबसाईटवर शोधा. सापडली तर सूचना पूर्ण वाचा, आणि जो शब्द कळला नाही तो मला मेसेज करून पाठवा. पुढच्या भागात आपण तुमचेच शब्द घेऊन बसू.

भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.